ई-सतराचा जोड

पुएर्तो यातायला अणुवीज केंद्राची पायाभरणी चार वेळा झाली होती. चारही दगड नदीकाठच्या माळावर एका रांगेत उभे होते आणि पाचव्यासाठी खड्डा खणून तयार होता. पहिल्या दगडावर दोन मंत्र्यांची नावं होती. दुसऱ्यावर दुसऱ्या दोघांची. तिसऱ्यावर एकट्या अर्जेंटिनाच्या मंत्र्याचं, कारण ब्राझीलच्या मंत्र्याचं विमान धुक्यात अडकलं आणि ते उतरेपर्यंत त्याचं मंत्रिपद गेलेलं होतं. चौथ्यावर कुणाची नावं होती ते आता सांगता येत नसे. गाई त्याला अंग घासत आणि अक्षरं पार गुळगुळीत झाली होती. गावाचं मत असं, की चारांत तोच एक दगड उपयोगाचा.

केंद्र मात्र नव्हतं.

करार साधा होता. उरुग्वे नदीच्या अलीकडे अर्जेंटिना, पलीकडे ब्राझील. दोघांनी मिळून काठावर अणुभट्टी उभारायची, वीज अर्धी अर्धी वाटून घ्यायची आणि ही शक्ती फक्त शांततेच्या कामी लावायची. म्हणजे वीज करायची, बाँब करायचा नाही. बाँब न करण्याचा भाग दोन्ही देशांनी अकरा वर्षं काटेकोर पाळला. वीजही केली नाही.

एदेल्मिरा सोतेलो या नसलेल्या केंद्राची वेल्डर होती. अकरा वर्षांपूर्वी दोन्ही काठांवरून निवडून चाळीस जणांना नऊ महिने शिकायला पाठवलं, त्यांत ती होती. परत येताना प्रत्येकाला एक पोलादी शिक्का मिळाला. अणुभट्टीच्या नळ्यांचा नियम असा, की ज्यानं जोड केला त्यानं त्या जोडाशेजारी हातोडीनं आपला शिक्का मारायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी नळी फुटली तरी कुणाच्या नावानं बोटं मोडायची ते कळतं. एदेल्मिराचा शिक्का ई-सतरा.

दुसरा नियम असा, की शिक्का जिवंत ठेवायचा तर दर सहा महिन्यांनी परीक्षकासमोर एक नळी जोडून दाखवायची. नळी पंचेचाळीस अंशांत तिरकी बांधलेली असते. ती फिरवायची नाही, वेल्डरनं तिच्याभोवती फिरायचं, गुडघ्यावर, पाठीवर, मान मोडून, जमेल तसं. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात. तो चांगला आला की जोड कापून त्याच्या पट्ट्या करतात आणि पट्ट्या प्रेसमध्ये घालून नालासारख्या वाकवतात. तडा गेला नाही तर वेल्डर पास, आणि पट्ट्या भंगारात. एकदा जरी परीक्षा चुकली तरी शिक्का रद्द.

एदेल्मिरा एकवीस वेळा पास झाली होती. म्हणजे तिनं आयुष्यात एकवीस निर्दोष जोड केले आणि ते एकवीसही निर्दोष आहेत हे सिद्ध करण्यासाठी कापून टाकण्यात आले. चाळीसांतला एक जण आता बस चालवत होता, एक पाद्री झाला होता, बरेच दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर गेले. अर्जेंटिनाच्या बाजूला ती एकटी उरली आणि ब्राझीलच्या बाजूला दोर्वालिनो श्मित, शिक्का बी-नऊ. तिची आई दोन्या सिरियाका, म्हणजे सिरियाकाबाई, म्हणायची, तुझ्या नवऱ्यालाही दर सहा महिन्यांनी असं वाकवून बघितलं असतं तर पहिल्याच खेपेला तडकला असता, आपला वेळ वाचला असता.

भंगार मात्र वाया गेलं नाही. अणुभट्टीच्या प्रतीचं पोलाद, गंजणार नाही, तडकणार नाही. लोकांनी वर्कशॉपच्या मागून ते उचलून नेलं. गावात प्रत्येक अंगणात मांस भाजायची जाळी त्याच पट्ट्यांची. दोन देशांच्या अणुसहकार्यानं अकरा वर्षांत काही तापवलं असेल तर ते सॉसेज.

एदेल्मिराला एकच गोष्ट हवी होती, आणि ती अख्ख्या गावाला माहीत होती. एक खरा जोड. कापला न जाणारा. ज्यातून काहीतरी वाहील.

ती वाहती गोष्ट तिच्या आईच्या दारासमोर होती, हे तिच्या डोक्यात जायचं. रस्त्याकडेला नगरपालिकेची पाण्याची मोठी नळी होती आणि तिच्या सांध्याला सात वर्षं सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. ट्यूबमधून नदीचं निम्मं पाणी रस्त्यावर जायचं आणि निम्म्याच्या निम्मं नळाला यायचं. दोन्या सिरियाका बादली घेऊन जाता येता लेकीला टोमणा मारी, आमच्या घरात अणूची वेल्डर आहे हो, म्हणून आम्ही पाणी वाहून आणतो. एदेल्मिरानं दोनदा अर्ज केला. उत्तर दोन्ही वेळा तेच आलं: सेवानियम चौदा, केंद्राच्या वेल्डरनं केंद्राबाहेरच्या नळीला हात लावू नये. लावल्यास काय, तेही लिहिलं होतं.

बुधवारी सकाळी केंद्राचा इंजिनियर ओकाम्पो वर्कशॉपमध्ये आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. केंद्राचं कुठलंही काम कुठवर आलं असं विचारलं की तो "प्रक्रियेत आहे" असं म्हणे, आणि अकरा वर्षांत त्याला हे वाक्य एकदाही बदलावं लागलं नव्हतं. त्यानं सांगितलं, की शुक्रवारी दोन्ही मंत्री पाचव्या करारावर सह्या करायला येताहेत. यंदा नुसता दगड नको, लोक हसतात, म्हणून वरून ठरलंय की मैत्रीचा पहिला जोड करायचा. अर्धी नळी अर्जेंटिना देणार, अर्धी ब्राझील, आणि दोघांची मिळून एक.

एदेल्मिरानं विचारलं, की माझ्या परीक्षेची नळी कुठाय. सहा महिने शुक्रवारीच संपत होते, संध्याकाळी सहाला. तिचे आणि दोर्वालिनोचे, दोघांची परीक्षा नेहमी एकत्र होई. ओकाम्पो म्हणाला, परीक्षेच्या नळ्यांचा साठा संपलाय, नवा प्रक्रियेत आहे. यंदा मैत्रीचा जोड हीच परीक्षा. परीक्षक येणारच आहे, तो बघेल, समारंभ झाला की कापू, वाकवू, सही घेऊ. एका दगडात दोन पक्षी.

"तुमच्या दगडांनी आजवर किती पक्षी पडले?" तिनं विचारलं. ओकाम्पोनं फाईलमध्ये बघितलं.

दुपारी दोन खोकी आली, एक बुएनोस आयरेसहून, एक ब्राझिलियाहून. ती उघडली आणि दोन्ही नळ्या समोरासमोर धरल्या, तेव्हा असं दिसलं, की एकीचा व्यास दुसरीपेक्षा नऊ मिलिमीटर जास्त आहे.

यामागे इतिहास होता. केंद्राच्या नळ्या कुणाच्या मापाच्या असाव्यात, यावर दोन्ही देशांच्या संयुक्त समितीच्या एकतीस बैठका झाल्या होत्या. अर्जेंटिनाचं माप वेगळं, ब्राझीलचं वेगळं आणि दोघांनाही आपलंच हवं. केंद्र न होण्याची जी अनेक कारणं होती त्यांत हे सगळ्यात जाड. यंदा मात्र दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, की मैत्रीचा प्रसंग आहे, मन मोठं करावं. म्हणून अर्जेंटिनानं गुपचूप आपली अर्धी नळी ब्राझीलच्या मापानं बनवली. ब्राझीलनं गुपचूप अर्जेंटिनाच्या.

ओकाम्पोनं दोन्हीकडे फोन लावले. दोन्हीकडच्यांना समोरच्याचा मोठेपणा ऐकून गहिवरून आलं आणि नळी बदलायला दोघांनीही नकार दिला. सौजन्य एकदा दाखवलं की परत घेता येत नाही.

मग ओकाम्पोनं आपली योजना सांगितली. दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवायची, मधल्या फटीत लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरायची, वरून चंदेरी रंग आणि त्यावर दोन्ही झेंड्यांच्या रंगांची फीत. मंत्री हेल्मेट घालून वेल्डिंगची बंद पडलेली पिस्तुलं नळीला लावतील.

"आणि मी काय करायचं?" एदेल्मिरानं विचारलं.

"ठिणग्या. पिंपामागे बसून. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय बघा, पाच नंबर, ठिणग्या. फोटोत छान येतात."

"माझ्या कामात ठिणग्या उडत नाहीत, साहेब. उडाल्या तर मी नापास होते."

"मग ग्राइंडरच्या काढा ना, बाई. मंत्र्यांना काय कळतंय."

"आणि माझी परीक्षा?"

ओकाम्पो आवाज खाली आणून म्हणाला, की ते कागदावर बघू. एदेल्मिरानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण हात काही थरथरला नाही. तिचा देहच उलटा होता. राग आला की हात स्थिर व्हायचा. एकवीस वेळा पास होण्यामागे कौशल्याइतकाच तिचा राग होता, आणि सरकारनं तो कधी कमी पडू दिला नव्हता.

गुरुवारी पहाटेच्या तराफ्यानं दोर्वालिनो आला. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, हेल्मेट त्याच्या क्लबच्या रंगात रंगवलेलं. तो तिला कोमाद्रे म्हणे, कारण तिच्या भाचीच्या बाप्तिस्म्याला हे दोघे धर्माचे आईबाप झाले होते. दोघं सीमेवरच्या खिचडी भाषेत बोलत, एकमेकांच्या फुटबॉल संघाला शिव्या देताना मात्र शुद्ध बोलत. त्यानं नळ्या बघितल्या, लांबीचा डबा बघितला आणि डबा उचलून खिडकीतून नदीच्या दिशेला फेकला. नदीपर्यंत पोचला नाही. चौथ्या दगडावर फुटला.

"एक मधलं कडं लागेल, कोमाद्रे," तो म्हणाला. "इकडून जाड, तिकडून बारीक. लेथवर उतरवू. मग जोड एक नाही, दोन. एक तुला, एक मला."

"पोलाद?"

वर्कशॉपमध्ये एवढ्या जाड भिंतीचा तुकडा नव्हता. पहिल्या वर्षी परीक्षेला अशा नळ्या येत. पुढे बारीक येऊ लागल्या. एदेल्मिरा आईच्या घरी गेली. पहिल्या परीक्षेतल्या नळीचा उरलेला तुकडा, चार किलोंचं कडं, अकरा वर्षं दोन्या सिरियाकाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दारापाशी ठेवलेलं होतं. आई म्हणाली, ने, पण शनिवारी परत पाहिजे, उत्तरेचा वारा सुटणार आहे. एदेल्मिरा हो म्हणाली. ती आईशी खोटं बोलायची, कागदाशी नाही.

दहाच्या सुमाराला परीक्षक आला. त्याचं नाव वॉशिंग्टन. हा उरुग्वेचा, म्हणजे दोघांच्या भांडणात नसलेला. अमेरिकेशी त्याचा काही संबंध नव्हता, उरुग्वेत लोक पोरांना अशी नावं ठेवतात आणि पोरं पुढे जन्मभर खुलासा करत बसतात. थर्मास डाव्या काखेत, येर्बाच्या कडू चहाचा तुंबा उजव्या हातात. वह्या, शिक्के, भिंग सगळं तो उरलेल्या दोन बोटांनी हाताळी. त्यानं कडं उलटंपालटं केलं आणि विचारलं, की हे पोलाद कुठलं? अणुभट्टीच्या कामात जन्मदाखल्याशिवाय पोलाद चालत नाही.

"आईच्या दाराचं," एदेल्मिरानं सांगितलं.

त्यानं भिंग लावलं. कड्याच्या आतल्या बाजूला ओतकामाचा क्रमांक होता, बाहेर ई-सतरा. त्यानं अकरा वर्षांपूर्वीची वही काढली, नेमकी ती ओळ शोधली, तुंब्यातला एक घोट घेतला. "नोंद आहे. मधल्या काळात कुठं होतं?"

"दारापाशी."

"साठवण: कोरड्या जागी," वॉशिंग्टननं लिहिलं.

मग दुसरा घोळ निघाला. एदेल्मिराचा परवाना अर्जेंटिनाच्या मापाचा आणि अर्जेंटिनाच्या मापाची नळी बनवली ब्राझीलनं. म्हणून अर्जेंटिनाच्या वेल्डरनं ब्राझीलची नळी जोडायची आणि ब्राझीलच्या वेल्डरनं अर्जेंटिनाची. वॉशिंग्टननं हे तीनदा तपासलं. नियमात बसत होतं.

दुपारपर्यंत दोर्वालिनोनं लेथवर कडं उतरवलं. मग नळी तिरकी बांधली, आत आर्गॉन वायू सोडला आणि एदेल्मिरा खाली आडवी झाली. टंगस्टनची सुई पेटली की जगात एक वाटाण्याएवढं उजेडाचं तळं उरतं आणि त्याच्या काठाकाठानं जायचं असतं, एक एक मिलिमीटर, श्वासाला श्वास लावून. उजव्या हातात सुई, डाव्या हातात तार. ती मनातल्या मनात बोलत होती. हा पहिल्या दगडाला. हा दुसऱ्याला. विमानात बसून मंत्रिपद गेलं त्याला हा. लांबीला, चंदेरी रंगाला, पाच नंबरच्या ठिणग्यांना. आई बादली उचलते तेव्हा तिच्या कमरेत कट्ट वाजतं, त्याला हे अख्खं तळं. संध्याकाळी साडेसहाला तिनं हेल्मेट वर केलं तेव्हा जोड माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसलेला होता. पलीकडच्या जोडावर दोर्वालिनो पाठीवर पडून कण्हत होता आणि वॉशिंग्टन त्याला, सांडू नये म्हणून, स्वतःच्या हातानं येर्बा पाजत होता.

शुक्रवारी सकाळी एक्स-रेची फिल्म आली. वॉशिंग्टननं ती खिडकीशी धरली आणि तीन तुंबे संपेपर्यंत बघितली.

"स्वच्छ," तो म्हणाला. दोन्ही जोडांना मिळून एक शब्द. मग आठवण दिली: दोन्या एदेल्मिरा, फिल्म म्हणजे निम्मं. सहाच्या आत पट्ट्या.

समारंभ अकराला होता. मंत्री चारला आले. तोवर शाळेतली मुलं दोन्ही झेंडे घेऊन माळावर उभी राहून भाजली आणि बँडवाल्यांनी दोन्ही राष्ट्रगीतं इतक्या वेळा वाजवली, की शेवटी ती एकमेकांत मिसळायला लागली. मग भाषणं. दोन्ही मंत्री म्हणाले, की आजचा दिवस ऐतिहासिक आहे. खरं होतं, गावाच्या इतिहासातला तो असा पाचवा दिवस होता. करारावर सह्या झाल्या. पाचवा दगड खड्ड्यात उतरला. मंत्र्यांनी नळी बघितली, हात फिरवून बघितला, आणि ती त्यांना फार आवडली. इतकी, की ब्राझीलच्या मंत्र्यानं माईक घेऊन तिथंच जाहीर केलं: ही मैत्रीची नळी सहा महिने आमच्या राजधानीत राहील. अर्जेंटिनाच्या मंत्र्यानं दुसरा माईक घेतला आणि म्हणाला, पुढचे सहा महिने आमच्या. मग संग्रहालयात. कायमची.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

एदेल्मिरानं ओकाम्पोला मंडपाच्या खांबामागे गाठलं. तो म्हणाला, आता कापणं अशक्य, मंत्र्यांनी जाहीर केलंय, दोन देशांच्या मैत्रीचा प्रश्न आहे. कापली, वाकवली, पास झाली, असं लिहून टाकू. जोड चांगलाच आहे ना? मग झालं तर.

शेजारी उभा असलेला वॉशिंग्टन म्हणाला, "मी वाकवलं नाही त्याखाली मी सही करत नाही." तो हे रागावून म्हणाला नाही. आज शुक्रवार आहे असं सांगावं, तसं म्हणाला.

ओकाम्पोनं हात पसरले. मग इलाज नाही, म्हणाला, शिक्का जाईल, पुन्हा प्रशिक्षण घ्या. ते प्रशिक्षण केंद्र सहा वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. हे तिघांनाही माहीत होतं. "आणि खरं सांगू का, बाई," तो पुढे म्हणाला, "त्या शिक्क्याचं तुम्ही करणार काय होता?"

एदेल्मिराचा हात पूर्ण स्थिर झाला.

ती मंडपात चढली. पिंपामागे ग्राइंडर ठेवलेला होता, कार्यक्रमपत्रिकेत होता म्हणून. तिनं तो उचलला, चष्मा लावला आणि मैत्रीच्या नळीवरची फीत सोडून बाजूला घडी घालून ठेवली. मंत्र्यांचे पहारेकरी पुढे झाले. पण निवेदकानं तिला बघितलं, हातातला कागद बघितला आणि मोठ्यानं वाचलं: "आणि आता, पाच नंबर, ठिणग्या!"

पहारेकरी बाजूला झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोर्वालिनोनं येऊन नळी दोन्ही हातांनी धरली, आणि तिनं चाक टेकवलं. ठिणग्या खरंच छान उडाल्या. पहिल्या रांगेतल्या एका सचिवाच्या पँटला भोक पडलं. दोन्ही मंत्री हसत हसत फोटोला उभे होते आणि त्यांच्यामध्ये नळी कापली जात होती. ब्राझीलचा तुकडा सुटून खाली पडला तेव्हा त्यांना थोडी शंका आली. अर्जेंटिनाचा पडला तेव्हा खात्री झाली.

मधल्या कड्यातून तिनं दोन्ही जोडांची एकेक पट्टी कापून काढली तेव्हा बँड थांबला. अर्जेंटिनाचा मंत्री म्हणाला, "बाई, हे काय केलंत?"

"तपासते आहे. जोड चांगला आहे की नाही ते कापल्याशिवाय कळत नाही. तुमचा कुणी कापून बघितला नाही म्हणून चार वेळा दगडाखाली गाडावा लागला. आजचा पाचवा. सरका, मला प्रेसपाशी जायचंय, सहाला नऊ मिनिटं कमी आहेत."

मंत्री सरकला. नंतर त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं असावं. माळावरून वर्कशॉपपर्यंत ती पळाली, मागे पट्ट्या घेऊन दोर्वालिनो, त्याच्या मागे थर्मास सांभाळत वॉशिंग्टन. इकडे मंडपात दोन्ही मंत्र्यांनी आपापल्या देशाचा तुकडा उचलला होता. एका जाणत्या सचिवानं तेवढ्यात फोटोवाल्यांना सांगितलं, की हे असंच ठरलेलं होतं, दोन्ही देशांना समान वाटा. मग तुकडे खरंच समान आहेत का, यावरून थोडी बाचाबाची झाली आणि टेप मागवावा लागला.

प्रेसमध्ये पट्टी वाकत गेली. एदेल्मिरा बघत होती. बावीस वेळा बघूनही हे सवयीचं होत नाही. नाल झाला. वॉशिंग्टननं वळणावर भिंग फिरवलं. तडा नाही. दोर्वालिनोची पट्टी. तडा नाही. सहाला दोन मिनिटं कमी असताना त्यानं दोन सह्या केल्या, आणि वेळही लिहिली, कारण ती लिहायची असते.

सोमवारी एदेल्मिराला एका लिफाफ्यात दोन कागद आले. दोन्ही ओकाम्पोच्या सहीचे. एकात तिला दोन राष्ट्रांच्या मैत्रीचं प्रतीक नष्ट केल्याबद्दल सक्त ताकीद होती. दुसऱ्यात ई-सतराला सहा महिने मुदतवाढ, आणि तिच्या अचूक कारागिरीबद्दल अभिनंदन. ताकिदीच्या शेवटी नियम चौदाची आठवणही करून दिली होती. केंद्राबाहेरच्या नळीला हात लावू नये.

तिनं दोन्ही कागद वाचले, परत घडी घातली. दारापाशी आई उभी होती, आणि उत्तरेच्या वाऱ्यानं दार थाड थाड आपटत होतं.

"माझं कडं?" आई म्हणाली.

एदेल्मिरा उठली. ती वर्कशॉपमध्ये गेली, आर्गॉनचं नळकांडं हातगाडीवर चढवलं, वेल्डिंगचं यंत्र चढवलं आणि हे सगळं भर दुपारी, अख्ख्या गावाच्या देखत, मुख्य रस्त्यावरून ढकलत आणलं. ओकाम्पो गाडीतून तिला ओलांडून गेला, थांबला, मागे आला. काच खाली करून तिच्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. त्यानं काच वर केली.

नगरपालिकेचा माणूस पंप बंद करायला तयार नव्हता; दोन्या सिरियाकानं त्याला त्याच्या जन्मापासूनच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, तेव्हा झाला. एदेल्मिरानं सायकलची ट्यूब सुरीनं कापून काढली. खाली सात वर्षांचा चिखल आणि पोलाद. तिनं ते चांदीसारखं घासलं आणि चिखलात पाठीवर पडली. साध्या पाण्याच्या नळीला अणुभट्टीच्या प्रतीचा जोड करणं म्हणजे गाईला लग्नाचा पोशाख शिवणं, पण तिला दुसरा येत नव्हता. चार तास लागले. शेवटी हातोडी घेऊन तिनं शिक्का मारला, इतक्या जोरात, की पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असं दोर्वालिनो पुढे सांगत असे. ई-सतरा.

पंप सुरू झाला. जोड कोरडा राहिला. नळाला पाणी आलं, आधी तांबडं, मग स्वच्छ.

यावर कारवाई झालीच असती. पण ओकाम्पोनं नियम उघडले तेव्हा त्याला नियम तीन आठवला: ज्या जोडावर केंद्राचा शिक्का आहे तो केंद्राचाच भाग मानावा. म्हणजे नियम चौदा मोडला गेलेलाच नव्हता. नळी केंद्राबाहेरची नव्हतीच. हे लिहून कळवायला त्याला तीन आठवडे लागले, आणि महिनाअखेरीस वॉशिंग्टन वही घेऊन जोड बघायला आला. त्यानं भिंग लावलं, एक घोट घेतला. वहीत एक पान होतं, केंद्रातले पूर्ण झालेले जोड, अकरा वर्षं कोरं. तिथं त्यानं एक हा आकडा घातला. पुढच्या रकान्यात नळीतून काय वाहतं ते लिहायचं होतं.

"काय लिहू, दोन्या एदेल्मिरा?"

"पाणी लिहा. आणि कुणी कापायला आलं तर मी इथंच राहते, तेही लिहा."

त्याला रकाना नव्हता. वॉशिंग्टननं ते समासात लिहिलं.